वाक्याचा कर्ता कोण?

ज्या खेळात चित्र नाही, आवाज नाही, हातात जॉयस्टिक नाही, अशा खेळापायी रात्र रात्र जागणारी माणसं होती. थोडी अजूनही आहेत. काळा पडदा, पांढरी नाहीतर हिरवी अक्षरं आणि खाली लुकलुकणारा कर्सर, बस्. आपण टाइप करायचं, जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कुणीतरी ते वाचायचं, आणि मग त्याने टाइप करायचं. एवढ्या भांडवलावर लोकांनी मैत्र्या केल्या, वैरं केली, लग्नं लावली (खेळातली आणि खरीसुद्धा), आणि कधी कधी ढसाढसा रडलेही.

या वीकएंडला त्याच मजकुरी खेळांच्या इतिहासाबद्दल लिहायचं ठरवलंय. सगळा इतिहास नाही, तो फार मोठा आहे. माझा प्रश्न एकच आहे. अशा खेळात दोन पात्रांमध्ये कधी कधी खरंखुरं काहीतरी घडतं आणि बहुतेक वेळा काहीच घडत नाही. हा फरक कशामुळे पडतो?

उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांनी इथूनच परत फिरायला हरकत नाही :-) माझ्या मते उत्तर व्याकरणातलं आहे. माझं पात्र ज्या वाक्याचा कर्ता आहे, ते वाक्य फक्त मी लिहायचं. तुझं पात्र ज्याचा कर्ता आहे, ते तुझ्यासाठी कोरं सोडायचं. हा एक नियम पाळला की दोन अनोळखी माणसं मिळून गोष्ट रचू शकतात. मोडला की सगळा डोलारा कोसळतो. आता हे सावकाशीने पाहू.

एसेक्सचा 'मड'

१९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने तिथल्या पीडीपी-१० जातीच्या अवाढव्य संगणकासाठी एक प्रोग्राम लिहायला घेतला. त्याआधी मजकुरी खेळ नव्हते असं नाही. विल क्राउदरने सुरू केलेला आणि डॉन वुड्सने १९७७ मध्ये वाढवलेला 'ॲडव्हेंचर' होता, एमआयटीतल्या मंडळींचा 'झोर्क' होता. पण हे खेळ एकट्याने खेळायचे. गुहेत तुम्ही एकटे, बाकी सगळा प्रोग्राम.

ट्रबशॉने विचार केला की एकाच मशीनला जोडलेल्या अनेकांना मेमरीचा एक भाग सामायिक वापरता आला, तर सगळ्यांना एकाच गुहेत का सोडू नये? त्यातून 'मल्टि-यूजर डंजन' उर्फ 'मड' जन्माला आला. (चिखलाशी संबंध नाही, पण नाव ठेवताना गंमत वाटली असणारच.) पहिली आवृत्ती असेंब्लीत, नंतरची बीसीपीएल या भाषेत. १९८० मध्ये ट्रबशॉने तो रिचर्ड बार्टल या मित्राच्या हवाली केला आणि त्याच वर्षी एसेक्सचा संगणक आर्पानेटला जोडला गेल्यामुळे बाहेरचे लोकही आत येऊ लागले.

या पहिल्या मडमध्ये करायचं काय? खजिना शोधायचा आणि दलदलीत नेऊन टाकायचा, की गुण मिळतात. १,०२,४०० गुण झाले की तुम्ही 'विझर्ड', म्हणजे जवळजवळ देवच. वाटेत दुसऱ्या खेळाडूंना मारताही येतं. म्हणजे खेळाची रचना स्पर्धेची होती. पण माणसं ती माणसंच! एका खोलीत दोघं भेटले की खजिना बाजूला राहतो आणि गप्पा सुरू होतात.

बार्टलने पुढे १९९६ मध्ये एक निबंध लिहिला, तो आजही गेम डिझाइनच्या वर्गात वाचला जातो. मडमध्ये येणारी माणसं त्याने चार प्रकारांत मांडली: गुण मिळवणारे, जग धुंडाळणारे, माणसांशी बोलायला आलेले आणि दुसऱ्यांना छळायला आलेले. पत्त्यांच्या चार रंगांशी त्याने त्यांची सांगडही घातली, अनुक्रमे चौकट, इस्पिक, बदाम आणि किलवर. पण यात वेगळं पात्र होऊन वागणाऱ्याला, म्हणजे रोलप्ले करणाऱ्याला, स्वतंत्र रकाना नाही. तो बदामवाल्यांत जमा. गप्पा मारायला आलेला माणूस आणि पात्र होऊन आलेला माणूस यांत मात्र फरक असतो. पहिला आपलीच वाक्यं बोलतो. दुसरा एका तिसऱ्याच माणसाबद्दल वाक्यं लिहितो आणि त्यांची जबाबदारी घेतो.

कोलनचा जन्मसिद्ध हक्क

ही वाक्यं लिहायची सोय सगळ्यांच्या हातात ठळकपणे आली ती टायनीमडमध्ये. १९८९ च्या ऑगस्टमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जिम अस्पनेसने तो लिहिला. यात गुणांची शर्यत जवळजवळ काढून टाकलेली होती. मारायची कमांड होती खरी, पण मेलेला माणूस थेट आपल्या घरी पोचायचा आणि वर विम्याचे ५० पेनी मिळायचे! मग लोक करायचे काय? खोल्या बांधायचे. कुणीही नवी खोली खणू शके, वस्तू बनवू शके, दार बसवू शके. आणि बोलायचे.

बोलण्यासाठी दोन चिन्हं होती. अवतरण चिन्ह टाइप केलं की पुढचा मजकूर तुमच्या तोंडी जायचा. कोलन टाइप केला की तुमचं नाव आपोआप वाक्याच्या सुरुवातीला लागायचं. याला म्हणत 'पोज'. इंग्रजीत चालायचं सगळं, पण आपण मराठीत करून पाहू. मी टाइप केलं:

:दार लोटतो आणि ओल्या छत्रीसकट आत येतो.

खोलीतल्या सगळ्यांना दिसणार:

गोविंद दार लोटतो आणि ओल्या छत्रीसकट आत येतो.

बघा, काय झालं? बोलण्याबरोबर आता वर्तनही लिहिता यायला लागलं. गप्प बसणं लिहिता यायला लागलं. डोळे चुकवणं, चहाचा कप उगाच फिरवत राहणं, उत्तर द्यायच्या आधी खिडकीबाहेर बघणं, हे सगळं. माझ्यासारख्या प्रोग्रामरला यातली खरी गंमत अशी वाटते की सर्व्हरच्या दृष्टीने ही कमांड म्हणजे निव्वळ दोन स्ट्रिंगची जोडणी आहे. नाव अधिक मजकूर. खेळाच्या स्थितीत एका बिटचाही फरक पडत नाही. छत्री नाही, पाणी नाही, दारही कदाचित नाही. फरक पडतो तो फक्त वाचणाऱ्याच्या डोक्यात.

आणि कोलनने एक गोष्ट तांत्रिकदृष्ट्याच पक्की केली. वाक्य माझ्याच नावाने सुरू होणार. कर्ता मीच. पण पुढे काय लिहायचं याला सर्व्हरचा अटकाव नव्हता. म्हणून मी असंही लिहू शकत होतो:

गोविंद तलवार उपसतो आणि सखारामचं मुंडकं उडवतो.

कर्ता गोविंद आहे, पण निकाल सखारामचा लागलाय आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. टायनीमडच्या वंशातून १९९० च्या आसपास 'मश' नावाचा प्रकार निघाला आणि रोलप्लेवाल्यांनी तिथे बस्तान बसवलं. कादंबऱ्यांमधल्या जगांवर बेतलेले मश निघाले. ॲन मॅकॅफ्रीच्या पर्न कादंबऱ्यांवरचा पर्नमश हा त्यातला प्रसिद्ध. अशा ठिकाणी या अपराधाला नावच पडलं: पॉवर-पोझिंग. शिष्टाचार असा झाला की तुम्ही प्रयत्न लिहा, परिणाम लिहू नका.

गोविंद सखारामच्या मानेच्या दिशेने तलवार फिरवतो.

संपलं. आता सखारामची पाळी. तो वाकेल, पडेल, हसेल, नाहीतर तलवारीखालून शांतपणे विचारेल, 'तुझ्या बापाने पाठवलं का रे तुला?' आणि गोविंदला एक बाप मिळेल, जो मगाशी नव्हता.

याहून सूक्ष्म चोरीही असते. 'गोविंदला पाहून सखारामच्या काळजात धस्स होतं.' इथे तलवार नाही, रक्त नाही, पण सखारामचं काळीज गोविंदने परस्पर वापरलंय. चांगले खेळाडू तलवारीपेक्षा या चोरीवर जास्त चिडायचे.

आपल्याकडे कोकणात दशावतार पाहिलेल्यांना हे पटकन कळेल. तिथे कथा ठरलेली असते, पण संवाद लिहून दिलेले नसतात. समोरचा काय बोलेल त्यावर आपलं वाक्य ठरतं. एकाने दोघांचंही बोलायला सुरुवात केली तर नाटक तिथेच संपेल. मशमधले लोक काही वेगळं करत नव्हते, फक्त ते एकमेकांना दिसत नव्हते.

न उचललेलं नाणं

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तेव्हा स्वस्तातलं खातं म्हणजे शेल अकाउंट. काळा पडदा आणि अक्षरं, चित्रं नाहीतच. म्हणजे आपल्या देशाचं नेटवरचं बालपण तसं मडला साजेसंच होतं. मी या खेळांत शिरलो ते जरा उशिरा, २००१ च्या सुमारास, कॉलेजच्या लॅबमधून. लॅबमध्ये बाकी बरंच काही बंद होतं, टेलनेट मात्र चालू होतं. ज्याला कळायचं त्याला कळलं!

एका मशवर मी नावाडी होतो. जुन्या काळातलं बंदराचं शहर, मधून नदी, आणि मी माणसं पैलतीरी नेणारा. (देवनागरी तिथे चालत नसे, त्यामुळे माझा नावाडी शिव्याही इंग्रजीतच द्यायचा.) नावाड्याच्या हातात सत्ता काही नसते, पण प्रत्येकाला कधी ना कधी नदी ओलांडावीच लागते. एक म्हातारा सैनिक रोज रात्री यायचा, पलीकडे जायचा, थोड्या वेळाने परत. एकदा उतरताना त्याने नेहमीप्रमाणे भाड्याचं नाणं फळीवर ठेवलं. मी लिहिलं: 'नावाडी नाण्याकडे बघतो. उचलत नाही.'

पडद्यावर दोन-तीन मिनिटं काहीच आलं नाही. मजकुरी खेळात तीन मिनिटं म्हणजे फार मोठा काळ. मग ओळ उमटली. सैनिक पुन्हा नावेत येऊन बसला होता. आणि मग हळूहळू, एकेक ओळ करत त्याने सांगितलं की पैलतीरावर त्याच्या मुलीचं घर आहे, रोज तो खिडकीतला दिवा बघून परत येतो, दार ठोठावायचं धाडस होत नाही. पुढचे तीन आठवडे आमचा खेळ त्या एका दारापाशी घुटमळत होता. शेवटी त्याने ठोठावलं. मुलगी म्हणून तिसरीच कुणी खेळाडू पुढे आली होती.

नंतर खेळाबाहेर बोलताना मी त्याला विचारलं, ही मुलीची गोष्ट आधीपासून डोक्यात होती का? तो म्हणाला, छे! तू नाणं उचललं नाहीस तेव्हा मुलगी जन्माला आली. तोवर तो नुसताच नदी ओलांडत होता, कारण खेळात ती वाट होती म्हणून. तो कुठला, काय करायचा, मला आजही माहीत नाही. पण 'अर्थपूर्ण' हा शब्द कुणी वापरला की मला ती तीन मिनिटं आठवतात.

पडद्यावरचा हल्ला

नियम मोडला की काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लॅम्डामूचं आहे. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात पावेल कर्टिसने तो चालवला आणि १९९१ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. हे जग म्हणजे एक प्रशस्त घर, कर्टिसच्या कॅलिफोर्नियातल्या खऱ्या घरावर बेतलेलं. नवा माणूस कोट ठेवायच्या कपाटात अवतरायचा, दार उघडून दिवाणखान्यात यायचा. खास गोष्ट अशी की इथे खेळाडूंना प्रोग्राम लिहायची मुभा होती.

मार्च १९९३ मध्ये एका रात्री 'मिस्टर बंगल' नावाच्या पात्राने या दिवाणखान्यात एक 'वूडू बाहुली' चालवली. ही बाहुली म्हणजे एक छोटा प्रोग्राम. दुसऱ्या पात्राने काहीतरी केलं असं सांगणारं वाक्य तो खोलीत छापायचा, आणि ते त्या पात्राने स्वतः टाइप केलेलं नसायचं. बंगलने याचा वापर करून दोन-तीन पात्रांवर लैंगिक अत्याचाराची वर्णनं सगळ्यांसमोर छापली. पात्रांच्या मालकांना आपल्याच नावाने सुरू होणारी ओंगळ वाक्यं नुसती वाचत बसावी लागली.

ज्युलियन डिबेल या पत्रकाराने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये या घटनेवर लेख लिहिला आणि तो इंटरनेटच्या इतिहासातला एक महत्त्वाचा दस्तऐवज झाला. त्यात त्याने नोंदवलंय की पीडित पात्रांपैकी एकीमागची स्त्री दुसऱ्या दिवशी त्याबद्दल लिहिताना खरोखर रडत होती. तीन दिवसांनी खेळातच सभा भरली, तीसेक पात्रं जमली, तासन् तास वाद झाला आणि निर्णय काहीच झाला नाही. कारण आधीच्या डिसेंबरमध्ये, म्हणजे १९९२ मध्ये, कर्टिसने जाहीर केलं होतं की विझर्ड मंडळी यापुढे सामाजिक भांडणांत पडणार नाहीत, फक्त तांत्रिक कामं बघतील. शेवटी एका विझर्डने स्वतःच्या जबाबदारीवर बंगलचं खातं उडवलं. त्यानंतर कर्टिसने अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली. म्हणजे एका खेळात, एका छोट्या प्रोग्राममुळे, लोकशाही आणावी लागली. (बंगलमागचा माणूस थोड्याच दिवसांत नव्या नावाने परत आला, हेही सांगायला हवं.)

आता तुम्ही म्हणाल, नुसती अक्षरंच होती ना, लॉगआउट करायचं! हा युक्तिवाद तेव्हाही झाला. पण तो करणारा एक गोष्ट विसरतो. त्या जगात पात्राकडे शरीर नसतंच. त्याच्याकडे असतात फक्त त्याच्या नावाने सुरू होणारी वाक्यं. तीच दुसऱ्याने हिसकावली तर उरतं काय? बंगलने पॉवर-पोझिंगला प्रोग्रामची जोड दिली होती. सभ्यतेचा नियम मोडणं वेगळं आणि यंत्रच आपल्याविरुद्ध फिरवणं वेगळं.

समोर कुणीच नसलं तर?

नियम पाळला म्हणजे सगळं झालं, असंही नाही. टायनीमडच्या जगात ज्यूलिया नावाचं एक पात्र फिरायचं. ती खोल्यांचा नकाशा लक्षात ठेवायची, रस्ता सांगायची, निरोप पोचवायची, विषय निघाला की आइस हॉकीबद्दल बोलायची. ती होती कार्नेगी मेलनमधल्या मायकेल मॉल्डिनने लिहिलेला प्रोग्राम. त्यानेच १९९४ मध्ये तिच्यावरच्या निबंधात 'चॅटरबॉट' हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. (हाच मॉल्डिन पुढे लायकॉस या सर्च इंजिनचा जनक.)

१९९२ च्या उन्हाळ्यात एक खेळाडू बरेच दिवस ज्यूलियाचं प्रियाराधन करत होता. ती विषय टाळायची, हॉकीकडे वळायची, तो नव्याने सुरुवात करायचा. शेरी टर्कलने १९९५ च्या 'लाइफ ऑन द स्क्रीन' या पुस्तकातही हा किस्सा घेतलाय. लोक या माणसाला हसतात. मला हसू येत नाही. ज्यूलिया आपली वाक्यं आपणच लिहीत होती, त्याची वाक्यं त्याच्यासाठी सोडत होती. बाहेरून सगळे नियम पाळले जात होते. फक्त त्याच्या वाक्यामुळे तिच्यात काही बदलत नव्हतं. माझ्या म्हाताऱ्या सैनिकाला न उचललेल्या नाण्यामुळे मुलगी झाली. ज्यूलियाला कितीही नाणी दिली, न दिली, तरी ती हॉकीच बोलली असती.

म्हणजे नियमाला एक पुरवणी जोडावी लागते. माझं वाक्य मी लिहीन, तुझं तू लिही, आणि माझ्या वाक्याने तुझं वाक्य बदलू शकलं पाहिजे.

काही मडनी ही पुरवणी कायमच्या मृत्यूने अमलात आणली. १९९१ मध्ये सुरू झालेला आर्मगेडन नावाचा वाळवंटी मड त्यासाठी ओळखला जायचा. पात्र मेलं की मेलं, पुन्हा जिवंत होणे नाही, महिनोन् महिने वाढवलेलं असलं तरी. याउलट कोपनहेगन विद्यापीठातून १९९१ मध्ये बाहेर पडलेल्या डिकूमडच्या वंशात लढाईची वाक्यं सर्व्हरच लिहायचा: तू राक्षसाला मारलंस, राक्षसाने तुला मारलं. सोपं, मजेशीर आणि प्रचंड लोकप्रिय. १९९९ चा एव्हरक्वेस्ट हा चित्रमय खेळ त्याच्याशी इतका मिळताजुळता होता की आम्ही डिकूचा कोड वापरलेला नाही, असं शपथेवर लिहून द्यायची वेळ त्याच्या कर्त्यांवर २००० मध्ये आली. मला डिकूबद्दल आकस नाही. पण तिथे पात्रांची बरीचशी वाक्यं तिसराच लिहीत असल्यामुळे नाणं न उचलायची संधी कमी मिळते.

एक झाड

सगळ्यात अवघड उदाहरण शेवटी ठेवलंय. लेजंडमड नावाच्या मडवर कॅरिन नावाचं पात्र होतं. तिची खेळाडू नॉर्वेची, असं ती सांगायची. १९९८ मध्ये बाकीच्यांना तिच्या वेबपानावरून कळलं की ती अपघातात गेली. लोक हादरले. खेळातल्या एका बागेत तिच्या आठवणीसाठी झाड लावलं. लेजंडमडच्या कर्त्यांपैकी एक असलेला राफ कॉस्टर, जो 'अल्टिमा ऑनलाइन'चा मुख्य डिझायनर म्हणून ओळखला जातो, त्याने या झाडावर लिहिलं. त्याचा मुद्दा असा की खेळ नुसता खेळ नसतो, तिथले संबंध खरे असतात.

२००३ मध्ये ट्रेसी स्पाइट यांनी 'सलोन'मध्ये या प्रकरणाचा छडा लावणारा लेख लिहिला. तशा अपघाताचा, तशा मुलीचा माग लागत नव्हता. निष्कर्ष असा निघाला की मृत्यू बनावट होता.

मग ते झाड खोटं का? मी यावर बराच विचार केला. कॅरिन या पात्राने इतरांशी केलेल्या गप्पा, दिलेला वेळ, तिच्यामुळे बदललेली इतरांची वाक्यं, ही घडलेलीच होती. त्यांचं दुःखही घडलं होतं. फसवणूक झाली ती वेगळ्या जागी. खेळात 'माझं पात्र मेलं' हे वाक्य कुणीही लिहावं, तो हक्कच आहे. पण ते वाक्य खेळाबाहेरचं म्हणून लिहिलं गेलं. ज्यांनी शोक केला त्यांना हे खेळातलं वाक्य आहे हे कळायची सोयच ठेवली नव्हती. मशवाले 'पात्रात' आणि 'पात्राबाहेर' अशी काटेकोर रेघ मारतात ती यासाठीच. नवख्याला ती पोरकट वाटते. खरं तर त्या रेघेवर विसंबूनच माणूस पात्रात असताना मोकळेपणाने वागू शकतो.

आणि आज

२०१९ मध्ये निक वॉल्टनने भाषेच्या मॉडेलवर चालणारा 'एआय डंजन' आणला आणि मजकुरी खेळ पुन्हा बातम्यांत आला. आता ज्यूलियासारखी अडखळणारी नाही, तर सफाईने लिहिणारी पात्रं मिळतात, रात्री तीन वाजता, हव्या त्या जगात. मीही खेळून पाहिलं. कल्पना भन्नाट आहे. पण थोड्या वेळाने मला काय खटकलं सांगू? खेळ मलाच सांगायला लागला की 'तू घाबरतोस', 'तू दार उघडतोस'. माझी वाक्यं तोच लिहू लागला. यंत्राला वाईट हेतू नसतो, पण ही तीच जुनी पॉवर-पोझिंग. शिवाय माझं नाणं न उचलणं त्याला चालतं, उचलणंही तेवढंच चालतं. त्याला त्या तीन मिनिटांत थांबून विचार करावा लागत नाही. त्याचं काही पणाला लागलेलं नसतं.

म्हणून कुणी मला विचारलं की अशा खेळात खरी माणसं, खरे प्रसंग कसे शोधायचे, तर मी तीनच गोष्टी सांगतो. एक, असं पात्र घ्या ज्याच्याकडे इतरांना यावंच लागतं: नावाडी, वैद्य, खानावळवाली. राजपुत्र नको, राजपुत्र तिथे पोत्याने असतात. दोन, तुमचं वाक्य असं संपवा की समोरच्याला दोन तरी वाटा राहतील. आणि तीन, उत्तर यायला वेळ लागला तर दुसरं वाक्य टाकू नका. पलीकडे कुणीतरी विचार करतंय. तो वेळ त्याला घेऊ द्या.